'शंका' म्हणजे 'डाऊट' नव्हे!

इंग्रजी येत नाही म्हणून आपण घाबरतो. पण खरा घोळ होतो तो येतंय असं वाटतं तेव्हा! मी असोद्याचा. शाळेपासून सरांना 'आय हॅव अ डाऊट' म्हणत आलो. आपल्याला म्हणायचं असतं, 'एक विचारायचंय.' अमेरिकन माणसाला मात्र वाटतं, ह्याचा माझ्यावर विश्वासच नाही! तिथे 'क्वेश्चन' म्हणा.

दुसरा शब्द 'रिव्हर्ट'. आपल्या ऑफिसांत 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर कळवा'. पण मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीत परत जाणे. सॉफ्टवेअरमध्ये तर केलेला बदल रद्द करणे! कोडसोबत असं लिहिलंत, तर परदेशातला सहकारी तुमची रात्रभराची मेहनत काढून टाकायचा. सरळ 'रिप्लाय' लिहा.

चुकण्याची लाज नको. १८८० साली आमच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शेतातल्या, घरातल्या साध्या शब्दांत त्यांनी केवढं सांगून ठेवलं! आपणही भारी शब्दांच्या मागे न लागता छोटी, सरळ वाक्यं लिहू या. आणि ईमेल पाठवण्याआधी एकदा वाचा : मला म्हणायचंय तेच समोरच्याला कळेल ना?