तोमोको आणि कोमी : दोन अबोल नायिका

अबोल मुलांवर जपानी अॅनिमेत बरंच काही आहे. त्यात पहिलं नाव घ्यावं ते ‘वाटामोते’चं. ‘निको तानिगावा’ या नावाने लिहिणाऱ्या-काढणाऱ्या जोडीची ही चित्रकथा २०११ साली सुरू झाली. २०१३च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ‘सिल्व्हर लिंक’ स्टुडिओने तिच्यावर बारा भागांची अॅनिमे मालिका केली.

तिची नायिका तोमोको कुरोकी नव्या शाळेत जाते आणि महिने लोटले तरी कुणाशी धड बोलू शकत नाही. घरी धाकट्या भावाला गाठून ती बोलण्याचा सराव करते. भाऊ वैतागतो. प्रसंग हसवतात, पण पोटात कालवाकालवही होते. इझुमी किट्टा यांच्या आवाजातली ती पुटपुट ऐकण्यासारखी आहे.

आपल्याकडे आर्णीसारख्या गावात आजूबाजूच्या खेड्यांतून अकरावीला येणाऱ्या मुलांना अनोळखी वर्गातलं हे अवघडलेपण समजावून सांगावं लागणार नाही. मात्र तोमोकोला सहलीत मैत्रिणी मिळतात, तो फार सुंदर टप्पा मूळ चित्रकथेतच आहे. अॅनिमे त्याआधीच थांबतो.

दुसरी अबोल नायिका, तोमोहितो ओदा यांच्या चित्रकथेतली कोमी, सौम्य आहे. २०२१च्या अॅनिमेत ती फळ्यावर खडूने लिहून तादानो या वर्गमित्राशी पहिल्यांदा मनमोकळं बोलते. शंभर मित्र जोडायचे, हे तिचं स्वप्न. घरात असं अबोल मूल असेल, तर त्याच्यासोबत बसून सुरुवात कोमीपासून करावी. तोमोको मात्र मूल थोडं मोठं झाल्यावर.