खणाचा सांधा आणि उतारपट्टी

टेबलाचा खण ओढला आणि पुढची फळी हातात आली, असं तुम्ही पाहिलं असेल. रोजच्या ओढीनं खिळे ढिले होतात. मग गिऱ्हाईक सुताराला नावं ठेवतं.

डव्हटेल सांधा घातला, तर ही पाळी येत नाही. डव्हटेल म्हणजे कबुतराची शेपटी. खणाच्या बाजूच्या फळीला टोकाशी रुंद आणि आत अरुंद अशा शेपट्या कापतात. त्या पुढच्या फळीच्या खाचांत अडकतात. खण कितीही ओढा, शेपटी निसटत नाही.

सारं इंगित उतारात आहे. उतार कमी झाला, तर पकड राहत नाही. जास्त झाला, तर शेपटीचे कोपरे तुटतात. सागवानाला ८ ला १ उतार द्यावा. म्हणजे ८ सें.मी. लांबीत रेघ १ सें.मी. कलते. हा उतार दर वेळी नुसत्या नजरेनं साधत नाही. त्यासाठी उतारपट्टी करून ठेवावी. टाकाऊ तुकड्यांतून ती होते.

शिसवीची पातळ पट्टी घ्या. तिच्या सरळ कडेवर ४ सें.मी. मोजा. मधोमध गुण्या लावून ८ सें.मी. उंच रेघ काढा. तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना १-१ सें.मी. मोजा. खालच्या आणि वरच्या खुणा जोडून कापा. कडा रंध्यानं सरळ करा. आता रुंद कडेला लागून एक जाड, सरळ दांडी आडवी चिकटवा. झाली उतारपट्टी! मऊ लाकडासाठी दुसरी करा. तिची उंची ८ ऐवजी ६ सें.मी. घ्या, बाकी मापं तीच.

सरस वाळण्याआधी पारख करा. दांडी फळीच्या टोकाला टेकवून दोन्ही कडांनी रेघा काढा. ८ ला १ च्या पट्टीनं ४ सें.मी. अंतरात प्रत्येक रेघ अर्धा सें.मी. कलली पाहिजे. एक जास्त, एक कमी कलली, तर दांडी तिरपी बसली असं समजा.

काम करताना आधी पुढच्या फळीची जाडी बाजूच्या फळीवर आखा. मग पट्टीच्या डाव्या कडेनं शेपटीची डावी रेघ काढा, उजव्या कडेनं उजवी. काढायच्या भागावर फुली मारा. करवत फुलीच्या बाजूनं चालवा, रेघ शाबूत ठेवा. उरलेला भाग पटाशीनं काढा. तयार शेपट्या पुढच्या फळीच्या टोकावर ठेवा आणि त्यांच्याच कडांनी खाचा आखा.

काम झालं की उतारपट्टी खिळ्याला टांगून ठेवा. पुढच्या खणाला नव्यानं मोजमाप नको.