शब्दांचे माहेर – लेखांक १७ : टँक

नगरला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आपण हमखास रणगाड्यांचे संग्रहालय दाखवायला नेतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभारलेले हे 'कॅव्हलरी टँक म्युझियम'. तिथे शेरमन, सेंच्युरियन, आपला विजयंता आणि 1965 च्या युद्धात हाती लागलेला पॅटन अशी मंडळी ओळीने उभी आहेत. संग्रहालय बघून पाहुणा पारनेर किंवा पाथर्डीच्या रस्त्याला लागला आणि महिना एप्रिल-मे असला, तर वाटेत दुसरे वाहन दिसते. मागे गळती लागलेली आणि वाडीवरच्या बायका हंडे घेऊन जिची वाट बघतात, ती गाडी. पहिला टँक, दुसरा टँकर. एक आग ओकणारा, दुसरा पाणी वाहणारा, तरी दोघांचे आडनाव एकच. असे का, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरावर सापडते.

अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड चढलेल्यांना कातळात खोदलेली पाण्याची टाकी आठवत असतील. एक असेल तर टाके, अनेक असतील तर टाकी. आत खांब राखून खोदलेले असेल तर खांबटाके. वर कातळाचे छत आणि खाली सावलीतले पाणी, त्यामुळे उन्हाने ते फारसे आटत नाही. खोदताना निघालेला दगड वाया जात नसे, तो गडाच्या बांधकामाला लागे. पावसाळ्यात भरायचे आणि पुढचे आठ महिने पुरवून प्यायचे, हा टाक्याचा धर्म.

हा शब्द कसा बनला? पाथरवटाच्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' या म्हणीतली टाकी तीच, आणि पाटा गुळगुळीत झाला की त्याला लावून घेतो तीही तीच. संस्कृतात तिला 'टंक' म्हणतात. टाकीने खोदले ते टाके, ही व्युत्पत्ती मनाला पटते. काही अभ्यासक मात्र 'तडाग' म्हणजे तळे या शब्दाकडे बोट दाखवतात. गंमत अशी, की जुन्नर आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. वस्तू टिकली आणि नाव बदलले.

पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या पदरी 'टांके' असा एक शब्द होताच, साठवलेल्या पाण्यासाठीचा. लॅटिनमधून आलेल्या 'अडवणे, थोपवणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला होता. इकडे गुजराती आणि मराठी माणसाच्या तोंडीही तसाच शब्द आणि अर्थही तोच. इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला 'टँक' उचलला, तो नेमका कोणाकडून? 1886 मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात यूल आणि बर्नेल या संपादकांनाही हा गुंता पडला होता. त्यांनी शब्दाला दोन्ही घरचा मानले. आजचे इंग्रजी कोश मूळ सांगताना गुजराती आणि मराठीची नावे घेतात, आणि पोर्तुगीज शब्दाने त्याला बळ दिले असे म्हणतात. मराठीच्या बाजूने एक पुरावा मोल्सवर्थच्या कोशात आहे. त्याच्या 1857 च्या आवृत्तीत हा शब्द 'टांकें' असा अनुस्वारासह छापला आहे. तो अनुस्वार आपण पुढे गाळला. इंग्रजांच्या 'टँक'मध्ये मात्र तो अजून वाजतो.

इंग्रजांनी शब्द घेतला तो सढळ हाताने वापरण्यासाठी. तळे, तलाव, हौद, कुंड, पुष्करणी यांपैकी काहीही दिसले की लिहा 'टँक'. मुंबईत सी. पी. टँक झाला आणि गवालिया टँकही झाला. गवळ्यांची गुरे जिथे पाण्यावर येत, तो तलाव पुढे बुजवून मैदान केले, पण नाव राहिले. त्याच मैदानावर 8 ऑगस्ट 1942 ला 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पकडलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद हे काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आणून ठेवले ते आपल्या नगरच्या किल्ल्यात. नेहरूंनी 1944 मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते इथेच.

आता पाण्याचा टँक लढाईवर कसा गेला ते पाहू. पहिले महायुद्ध खंदकांत अडकले होते. काटेरी तारा तुडवत खंदक ओलांडणारी चिलखती गाडी इंग्लंडमधल्या लिंकन गावात तयार होत होती, तीही शेतीची यंत्रे बनवणाऱ्या फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात. कामाचा सुगावा शत्रूला लागू नये म्हणून खोटे नाव हवे होते. पत्र्याची ती अगडबंब पेटी पाण्याच्या टाकीसारखी दिसे, म्हणून मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहणारी गाडी बनते आहे अशी हूल उठवली. या कामाच्या समितीला 'वॉटर कॅरिअर' म्हणावे असेही कोणी सुचवले होते म्हणतात, पण त्याची आद्याक्षरे होतात डब्ल्यू. सी.! शौचालयाची पाटी कोण लावून घेणार? शेवटी डिसेंबर 1915 मध्ये 'टँक' वर शिक्का बसला. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समधल्या सॉमच्या रणांगणावर हे धूड पहिल्यांदा चालून गेले. त्या दिवसासाठी 49 गाड्या आणल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी वाटेतच बंद पडल्या किंवा रुतल्या. गुपित फुटले, तरी खोटे नाव मात्र कायमचे चिकटले.

जर्मनांनी या गाडीला चिलखतावरून 'पान्झर' म्हटले, फ्रेंचांनी रथाच्या अर्थाचा 'शार' शब्द दिला. मराठीने 'रणगाडा' केला आणि माझ्या मते या सगळ्यांत तोच सरस आहे. गाडा म्हटले की त्याचा जडपणा आणि खडखडाट आपोआप येतो. इंग्रजी नावात लढाईचा मागमूस नाही. असणार कसा? ते नाव लढाई लपवायलाच ठेवले होते.

परतीच्या प्रवासात हा शब्द मराठीत चार वेशांत आला. गच्चीवरची टाकी आपण घरचीच मानतो. सेप्टिक टँक जमिनीखाली आहे, रणगाड्याचा टँक लष्करात आहे. चौथा टँकर, आणि त्याची राजकारणातही ये-जा आहे. 'टँकर मंजूर झाला का?' हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात कितीतरी उन्हाळ्यांत विचारला गेला. खेपा किती, कोणत्या वाडीला आणि कोणाच्या शब्दावर, यावर गावकीत भांडणे झाली. म्हणूनच 'टँकरमुक्त' हे विशेषण इथे मानाचे ठरते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1990 नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात ते कमावले. समतल चर खोदले, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. पडलेले पाणी धरायचे आणि मोजून वापरायचे, ही रीत नवी नाही. गडावरच्या टाक्याचा धर्म हाच होता.

वाचकांना या आठवड्यासाठी एक काम सांगतो. आपल्या गावात टाके, आड, बारव, कुंड, हौद, डोह असे जे काही असेल, त्याचे खास नाव घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि लिहून ठेवा. कागदोपत्री त्या सगळ्यांचा एकच 'टँक' होऊन जातो, आणि नाव पुसलेल्या जागेतला गाळ काढायला कोणी जात नाही.