गोळी मिळाली, नोकरीचे काय?

दर महिन्या-दोन महिन्यांनी एखादा कामगार साहेबांपुढे उभा राहतो आणि अर्ध्या दिवसाची रजा मागतो. कधी मावशी आजारी, कधी गावी जमिनीचे काम. मावश्या तरी किती असाव्यात! खरे कारण एकच: सरकारी रुग्णालयातून गोळ्या आणायच्या असतात, आणि त्या एच.आय.व्ही.च्या असतात.

वाचकहो, १९८६ साली मद्रासेत हा विषाणू आपल्या देशात प्रथम आढळला, तेव्हा असा प्रश्नच नव्हता. निदान म्हणजे निरोप. नगरला (२०२४ पासून हे अहिल्यानगर) गिरीश कुलकर्णी या तरुणाने १९८९ साली ‘स्नेहालय’ सुरू केले, ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी. पुढे एच.आय.व्ही. असलेली मुलेही तेथे आली. ती जगतील किती, हीच तेव्हा चिंता. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषध फुकट देऊ लागले आणि चिंता पालटली. पोराने शिकावे काय? नोकरी कोठे? लग्न कोणाशी? म्हणजे आपल्याच घरातल्या चिंता की!

गोळी मात्र रोज, न चुकता, जन्मभर. विषाणू मरत नाही; पण इतका दबतो की रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, आणि तसा दबून राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका यंत्रावर काम केल्याने तर तो कधीच लागत नव्हता.

तरी नोकऱ्या जात. एका सरकारी कंपनीने असाच एक हंगामी मजूर कामावरून कमी केला. अंगमेहनतीला माणूस धडधाकट होता, रक्तात तेवढा विषाणू निघाला. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला नुसत्या अक्षरांनी दावा चालवू दिला, आणि १९९७ साली निर्णय दिला: काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ चा कायदा झाला, तो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असतील तेथे तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

हे उत्तमच झाले. पण पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना कुठला आला तक्रार अधिकारी? त्या डबीवरचा कागद सोलून टाकतात, गोळ्या दुसऱ्या डबीत भरतात आणि घरातली निजली की घेतात.