पहिली स्पोर्ट्स कार घेताना : लगाम कुणाच्या हाती?

आमच्या वस्तीतला एक मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त झाले. आईने शिवणकाम करून मुलाला शिकवले. दोन महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. "जयभीम काका. मी गाडी घेतोय. बाबा म्हणाले, आधी तुमच्याशी बोल."

मी म्हटले, "घे की! आनंदाची गोष्ट आहे."

"साधी गाडी नाही काका. फेरारी नाहीतर पोर्शे. जुनीच, पण स्पोर्ट्स कार."

त्याच्या वडिलांची अपेक्षा होती की मी त्याला चार शब्द सुनवावेत. "भाऊ, तेवढ्या पैशात गावाकडे घर उभं राहील," असे त्यांचे म्हणणे. मी बी.कॉम. झालेला कारकून. मुलाला रागावण्यापेक्षा हिशोब मांडून द्यावा, असे मला वाटले. महिनाभर वाचले, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या कुटुंबांपुढे ठेवतो. आपली मुले आज परदेशात कमावतात. उद्या हा प्रश्न दुसऱ्या घरातही येईल.

हौस करणे पाप नाही

१९०१ साली लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरला. ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे या अटीवर! ज्या समाजाच्या लेकरांना भाडे देऊनही बैलगाडी मिळत नव्हती, त्या समाजाचा मुलगा जगातल्या उत्तम गाडीच्या चाकामागे बसणार असेल, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण?

तथागतांनी गृहस्थाला गरिबीत राहा असे सांगितलेले नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळवलेली संपत्ती असण्याचे सुख, ती उपभोगण्याचे सुख, कुणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष जगण्याचे सुख. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांसाठीच्या प्रवचनांत हा उपदेश घेतला आहे. मी मुलाला म्हटले, "पहिली दोन सुखं तुझ्याकडे आहेत. गाडी अशी निवड की उरलेली दोन जाणार नाहीत."

चाळीसगावचा टांगा

दुसरी गोष्ट १९२९ ची. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या बांधवांनी त्यांना वस्तीवर येण्याचा आग्रह केला. टांगेवाले महाराचा टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा भाड्याने द्यायला मात्र तयार होते. आपल्या पाहुण्याने पायी चालणे बांधवांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा घेतला आणि आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. आधी एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत पडला.

त्या बांधवांचे प्रेम खरे होते, स्वाभिमानही खरा होता. पण मानासाठी वाहन घेतले आणि ते चालवण्याची विद्या घेतली नाही, तर मान राखण्याच्या नादात जीव जातो. पहिली स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

गाडीचा स्वभाव ओळखा

मुलाच्या मनात प्रथम भरली होती पोर्शे ९११ टर्बो, १९७५ मध्ये आलेली जुन्या घडणीची. या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. टर्बोची ताकद क्षणभर थांबून एकदम येते. वळणावर घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गरकन फिरते. बायकोला विधवा करणारी, अशा अर्थाचे टोपणनाव या गाडीला पडले ते उगीच नाही. कसलेल्या चालकासाठी ती उत्तम असेल, नवशिक्यासाठी नाही.

याउलट होंडा कंपनीने १९९० मध्ये आणलेली एनएसएक्स. अॅल्युमिनियमची बॉडी, इंजिन चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. घडवताना ब्राझीलचा जगज्जेता शर्यतपटू आयर्टन सेना याने ती चालवून पाहिली होती. फेरारीच्या तोडीची गाडी रोज ऑफिसला नेता येते, हे तिने दाखवून दिले. पण आता तिच्या किमती फार चढल्या आहेत.

पोर्शेचीच बॉक्स्टर ही गाडी १९९६ मध्ये बाजारात आली. तिचेही इंजिन मध्यभागी असल्याने वजन दोन्हीकडे नीट वाटले जाते आणि नवख्यालाही ती सांभाळता येते. पहिल्या स्पोर्ट्स कारसाठी अनेक जाणकार तिचेच नाव घेतात.

किंमत एकदाच, खर्च कायम

जुनी फेरारी कधी कधी नव्या चांगल्या मोटारीच्या भावात मिळते आणि माणूस तिथेच फसतो. गाडीची किंमत उतरली, तरी तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. १९९४ ते १९९९ दरम्यानची फेरारी एफ ३५५ घ्या. तिचा टायमिंग बेल्ट दर काही वर्षांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. बेल्ट तुटला तर आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होते. १९९९ मध्ये आलेल्या ३६० मोडेनामध्ये बेल्टपर्यंत सीटमागूनच हात पोहोचतो. हौशी माणसाला दोन्ही फेरारीच. पण मजुरीच्या बिलात मोठा फरक पडतो.

बॉक्स्टरमध्येही खोट आहे. २००८ पर्यंतच्या इंजिनात आतल्या एका शाफ्टचे बेअरिंग निकामी होऊन इंजिन बसल्याची उदाहरणे आहेत. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनाची रचना बदलली आणि तो शाफ्टच राहिला नाही. म्हणून गाडी कोणत्या सालची आहे, हे आधी पाहावे.

मी मुलाला सांगितले, "गाडीच्या किमतीइतके पैसे जमले म्हणजे गाडी परवडली असं समजू नकोस. दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला काढ. ती जमेपर्यंत थांब." सिगालाला उपदेश करताना तथागतांनी मिळकतीचा चौथा भाग अडचणीसाठी राखायला सांगितला, तो याचसाठी.

कागद आणि तपासणी

इथे त्याच्या वडिलांचा अनुभव कामी आला. ते म्हणाले, "गाडी विकणाऱ्याला विचारू नको. गाडी खोलणाऱ्याला विचार."

सर्व्हिसची बिले सुरुवातीपासून हवीत. मधली वर्षे कोरी असतील तर कारण विचारावे. इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचा इतिहास गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट पाहता येतो. गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज शिल्लक नाही ना, ती अपघातात भंगारात निघालेली नाही ना, याची खात्री करावी. त्याच जातीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्रयस्थ मेकॅनिकला फी देऊन ती लिफ्टवर चढवून पाहावी.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. फार कमी चाललेली गाडी चांगलीच, असेही मानू नये. उभी राहूनही गाडी खराब होते. हे नियम आपल्या इथल्या जुन्या मारुतीला आणि रिक्षालाही तसेच्या तसे लागू आहेत.

ऋण नसण्याचे सुख

डीलरने त्याला एक योजना दाखवली होती. महिन्याचा हप्ता कमी, पण मुदत संपताना एक मोठी रक्कम एकदम भरायची. ती भरता आली नाही तर गाडी परत. हप्ता कमी दिसतो, कारण मुद्दलाचा मोठा भाग शेवटापर्यंत तसाच राहतो आणि त्यावरही व्याज चालूच असते. मी दोन्ही बाजू मांडून त्याला पाठवल्या. नोकरी गेली तर हप्ता कुठून देणार, हा रकाना मुद्दाम कोरा ठेवला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. तो रकाना त्याला भरता आला नव्हता. आता त्याने ठरवले आहे की आधी बंदिस्त ट्रॅकवर शिक्षकाबरोबर चालवायला शिकायचे. मग दीड वर्षात पैसे साठवून २००९ नंतरची बॉक्स्टर रोखीने घ्यायची.

हे ऐकून वडिलांचाही राग निवळला. आईने मात्र फोन हातात घेऊन विचारले, "त्या गाडीला सीटा किती?"

"दोन, आई."

"मग आम्ही दोघं आलो तर? एकानं बसायचं आणि एकानं बाजूनं चालायचं?"

मुलगा खूप हसला. म्हणाला, "तुम्ही आलात की आपण तिघं ट्रेननं जाऊ. आधी किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर बघू." विद्यार्थी असताना बाबासाहेब जिथे राहिले, ते हे लंडनमधले घर. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले.

बांधवांनो, मुलांच्या हौसेला नाही म्हणू नका. लगाम धरायला शिकलास का आणि हिशोब मांडलास का, एवढे मात्र जरूर विचारा.

जयभीम!