पाती मोजून सुरू होणारं विमान

संपादकांना जेट हवं होतं. एखादं जुनं लढाऊ जेट दुरुस्त करून पुन्हा हवाई प्रात्यक्षिकांत उडवायचं तर काय काय करावं लागतं ते लिहा, आणि जमलं तर गोंदियाच्या बिरसी विमानतळाच्या अंगाने लिहा, असा निरोप होता. बिरसीच का, ते समजण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी. पुढे कितीतरी वर्षं ती नुसती पडून होती. आता तिची लांबी सुमारे 2300 मीटर आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था चालते. शिकाऊ मुलांची छोटी विमानं कामठ्याकडच्या धानाच्या बांध्यांवरून दिवसभर घिरट्या घालतात. जिल्ह्याचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी उड्डाणमंत्री होते, त्या काळात या जागेचं नशीब पालटलं. अधिकृत इतिहास एवढ्यात आटोपतो.

अडचण जेटची होती. भारतीय हवाई दलाच्या ‘व्हिंटेज फ्लाइट’मध्ये आजवर दुरुस्त होऊन पुन्हा उडालेली विमानं म्हणजे टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा. तिन्ही पंख्याची. व्हॅम्पायर, तुफानी, मिस्तेर, हंटर, नॅट ही जेटं पालमच्या संग्रहालयात आहेत, पण जमिनीवर. तेव्हा मी डकोटाच्या मागे लागलो, आणि लागलो ते बरं झालं.

एक तर गोंदियावर डकोटाचा हक्क कुठल्याही जेटपेक्षा जुना आहे. 30 जानेवारी 1949 पासून नागपुरात रात्रीच्या टपालाचा मेळा भरू लागला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. सुरुवातीला हे काम डकोटांचंच होतं. नकाशावर कलकत्ता ते नागपूर सरळ रेघ ओढून पाहा, ती गोंदिया जिल्ह्यावरून जाते. इथल्या जुन्या माणसांच्या डोक्यावरून रात्री घरघरत गेलं असेल ते हेच इंजिन.

आज हवाई दलाकडे असलेल्या डकोटाचा क्रमांक व्हीपी 905, नाव ‘परशुराम’. 27 ऑक्टोबर 1947 रोजी, काश्मीरच्या लढाईत, लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांच्या पहिल्या शीख पलटणीला घेऊन डकोटा श्रीनगरला उतरल्या, त्यांच्यातल्या एका विमानाचा हा क्रमांक. मूळ विमान मात्र हे नव्हे. हे 1944 सालचं, ब्रिटिश हवाई दलाचं. राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा उडवत. ही भेट सरकारने आधी नाकारली होती, पुढे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ती स्वीकारली गेली. 17 एप्रिल 2018 ला विमान कॉव्हेंट्रीहून निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे मुक्काम करत 25 तारखेला जामनगरला टेकलं. आजचं जेट जे अंतर काही तासांत तोडतं त्याला आठवड्याहून जास्त लागला. 2021 आणि 2022 च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीकरांनी ते राजपथावरून जाताना पाहिलं.

माझं मन अडकलं ते त्याच्या इंजिनात. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ‘ट्विन वास्प’: चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन कड्यांत गोलाकार बसवलेले, ताकद सुमारे 1200 अश्वशक्ती. सिलिंडर गोलात बसवले की काही वर तोंड करून राहतात, काही खाली. विमान उभं राहिलं की ऑइल हळूहळू रिंगांच्या फटीतून खालच्या सिलिंडरांत झिरपतं आणि साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा वेळी कुणी घाईने स्टार्टर दिला, तर वर येणारा दट्ट्या त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तिथेच तुटतो. कधी नुसता वाकून राहतो आणि पुढे एखाद्या दिवशी हवेत तुटतो.

म्हणून डकोटा सुरू करण्याआधी माणसं पंखा हाताने फिरवतात. एकेक पातं धरून खाली ओढायचं आणि मोजायचं. पंखा इंजिनापेक्षा सावकाश फिरतो, इंजिनाचे सोळा फेरे होतात तेव्हा त्याचे नऊ. तीन पात्यांचा हिशेब लावला तर चार पाती खाली आली की चौदाही सिलिंडरांनी एकेकदा दाब घेतलेला असतो. तरी कुणी चारवर थांबत नाही, दुपटी-तिपटीने ओढतात. ओढताना पातं मध्येच दगडासारखं अडलं तर तेल साठलंय. तिथे जोर लावायचा नाही. त्याहून मोठा मोह म्हणजे पंखा थोडा उलटा फिरवून अडथळा मोकळा करणं. तसं केलं की तेल हवेच्या नळीत ढकललं जातं, पंखा मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि इंजिन सुरू होताक्षणी तेच तेल परत आत येतं. बरोबर उपाय कंटाळवाणा आहे: खालच्या सिलिंडरांचे प्लग काढा, तेल गळू द्या, प्लग पुसून बसवा, पुन्हा पहिल्यापासून मोजा.

या इंजिनाखाली तेलाचं डबकं नेहमीच असतं. डबकं दिसलं नाही तर टाकी रिकामी समजा, असा फिटरमंडळींचा जुना विनोद आहे. मला या यंत्राचं हेच आवडतं. ते आपलं दुखणं लपवत नाही, आणि ते ओळखायला संगणक लागत नाही, तळहाताला कळतं. अट एकच, तो हात आधी कुणीतरी तयार केलेला हवा.

इथून पुढे अडचणी सुरू होतात. पहिली इंधनाची. डकोटाला एव्हीगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल लागतं, आणि तासाला साडेतीनशे लिटरच्या वर लागतं. मोठ्या विमानतळांवर टाक्या भरून असतं ते जेटचं इंधन, रॉकेलच्या कुळातलं. 2022 पर्यंत भारत एव्हीगॅसचा थेंब न थेंब आयात करत होता. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यात बनवायला घेतलं, तेव्हा गाठ थोडी सैल झाली.

दुसरी वैमानिकाची. बिरसीत शिकणाऱ्या मुलांच्या विमानांना पुढे चाक असतं आणि समोर चकचकीत पडदे. डकोटाचं तिसरं चाक शेपटाखाली. जमिनीवर असताना नाक आभाळाकडे, समोरचं नीट दिसत नाही, आणि उतरल्यावर बाजूचा वारा शेपूट धरून विमानाला गोल फिरवू पाहतो. ते पायांनी सावरायचं असतं. ही पायांची विद्या नव्या अभ्यासक्रमात नाही. सुट्या भागांचं मात्र बरं आहे. लष्करासाठीच दहा हजारांहून जास्त डकोटा बनल्या होत्या, त्यामुळे जगभरच्या गोदामांत अजून काही ना काही सापडतं.

जेटच्या बाबतीत ही सवलतही नाही. ब्रिटनचं ‘व्हल्कन’ बॉम्बर घ्या. लोकवर्गणी आणि लॉटरी निधीतून ते दुरुस्त झालं, ऑक्टोबर 2007 मध्ये पुन्हा उडालं. 2012 साली उड्डाणाची धाव घेताना त्याची दोन इंजिनं एकदम गेली. कारण काय, तर दमट हवेपासून बचावासाठी हवेच्या मार्गात ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या काढायच्या राहून गेल्या होत्या. पिस्टनच्या इंजिनात एखादा सिलिंडर बदलून पुढे जाता येतं. जेटचं तुटलेलं पातं शेजारच्या इंजिनालाही घेऊन बुडतं, आणि नवं इंजिन कुणी ओतून देत नाही. 2015 मध्ये तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या तीन कंपन्यांनी हात काढून घेतले आणि ठणठणीत विमान कायमचं जमिनीवर आलं. त्याच वर्षी 22 ऑगस्टला इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या प्रात्यक्षिकात एक जुनं हंटर रस्त्यावर कोसळलं, अकरा माणसं गेली. मेलेल्यांपैकी बहुतेक जण प्रात्यक्षिक बघायलाही आले नव्हते, रस्त्याने चालले होते. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुन्या जेटांवर नियमांचा फास आवळला गेला. मला तो आवळणं चुकीचं वाटत नाही.

आणि आपलं मिग-21? नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते वर्षानुवर्षं बांधलं. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये हवाई दलाने त्याला निरोप दिला. ते पुन्हा एखाद्या प्रात्यक्षिकात दिसेल का, असं मनात येतंच. कागदावर पाहिलं तर सामग्री फार लांब नाही. सांगाडा जाणणारे ओझरला, इंजिनं बांधणारा कारखाना ओडिशात कोरापुटला, देखभालीचं मुख्यालय म्हणजे अनुरक्षण कमान नागपुरात. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेसाठी काडतुसं लागतात, आणि विमानांची अशी काडतुसं पुण्याच्या एआरडीई या संस्थेने विकसित केलेली आहेत.

घोडं अडतं ते संख्येवर. काडतुसाला वापराची मुदत असते, ती संपली की उडालं नसलं तरी ते बदलायचं. हवाई दलात शेकडो मिग असताना काडतुसांचा घाणा काढणं परवडतं, वर्षातून चार वेळा उडणाऱ्या एका विमानासाठी कोण काढणार? इंजिनाचं तेच. त्याचे तास मोजलेले असतात आणि प्रात्यक्षिकाच्या दहा मिनिटांसाठी सरावाचे तास त्याच खात्यातून जातात. शिवाय हे विमान ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकतं आणि शेपटातून छत्री सोडून थांबतं. बिरसीच्या धावपट्टीवर ते थांबेलही, पण नवख्याच्या हातात तिथे चुकीला जागा उरत नाही.

तरी मला विचाराल तर एक ठेवावं, आणि ठरवायचं तर आत्ताच ठरवावं. तास शिल्लक असलेली इंजिनं अजून हाताशी असतील, आणि ती खोलून जोडलेली माणसंही बहुधा अजून नोकरीत असतील. चौकाचौकांत मिग उभे करण्याची मागणी सुरू झाली की हे सगळं पांगेल. ठेवायचं ते दोन आसनांचं ठेवावं, कारण मिग उडवलेले आजचे वैमानिक निवृत्त झाल्यावर पुढच्याला शिकवायला दुसरं आसन लागेल.