‘माझंच मूल का?’

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर एखादं मूल वरचेवर आजारी पडू लागलं, की घरचे भगताकडे जातात. कधी त्यातूनच गावातल्या एखाद्या बाईवर ‘डाकीण’ असल्याचा ठपका येतो. पुढे मारहाण होते, तिला गाव सोडावं लागतं.

याला नुसतं अज्ञान म्हणून भागत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवरचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. धान्याचं कोठार कोसळून खाली बसलेली माणसं जखमी झाली, तर खांब वाळवीने पोखरले होते हे अझांदेंनाही ठाऊक असे. त्यांचा प्रश्न वेगळा होता: नेमकी हीच माणसं खाली असताना ते का कोसळलं? दुःख झालं की माणसाला कारणापेक्षा दोषी हवा असतो. हा स्वभाव सगळ्यांचाच आहे. शहरातली शिकलेली माणसंही ग्रहांना आणि नजरेला दोष देतात.

नंदुरबारच्या आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल आजारात विज्ञान ‘आपल्यालाच का?’ या प्रश्नाचंही उत्तर देतं. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून असह्य वेदना होतात. साधारण १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांतच मरते, म्हणून रक्त कमी होतं.

मग माझंच मूल का? आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे हे बदललेलं जनुक एकेरी बाळगत असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि आमच्याच लोकांत का? वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. मलेरियाच्या मुलखात ज्या जनुकाने पूर्वजांना तारलं, तेच दुहेरी मिळालं की नातवंडांना छळतं. या उत्तरात कोणतीही बाई दोषी नाही, आईही नाही.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादीला डाकीण ठरवून केलेल्या छळाला सात वर्षांपर्यंत कैद ठरवली आहे. कायदा हात रोखतो. मनातला प्रश्न मात्र उत्तर मिळाल्यावरच शांत होतो. आशाताई, शिक्षक आणि डॉक्टर यांनी ते उत्तर आईबापांना त्यांच्या भिलोरी, पावरी बोलीत द्यावं. आणि तरुणांनी लग्न ठरवण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी.